पंधरा हजारांत ग्राफिक्स कार्ड: आधी डबा उघडा, मग दुकान गाठा

पारोळ्याहून एका भाऊंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे कुठल्याशा ऑफिसमधून निघालेलं डेलचं ऑप्टिप्लेक्स आहे, मिनी टॉवर. सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, आणि एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डबीवर) २४० वॅट छापलेलं. लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग करतात, एरवी धाकटा भाऊ गेम खेळतो. बजेट १५ हजार, फार ताणलं तर १७. एका दुकानदाराने ‘४ जीबी’वालं नवं जीटी ७३० दाखवलं, दुसरा जुनं आरएक्स ५८० ८ जीबी स्वस्तात द्यायला तयार आहे, आणि धाकट्याचं म्हणणं, आरएक्स ६४०० नवं मिळतंय तर तेच घेऊ. तिन्हींपैकी कुठलं घ्यावं?

भाऊ, तिन्ही नको. तिघांचंही कारण वेगळं आहे, आणि ती कारणं कळली की चौथं कार्ड तुम्हीच निवडाल.

जीटी ७३० चा विषय लवकर संपवतो. हे २०१४ चं कार्ड आहे. डीडीआर३ मेमरी, त्यामुळे मेमरीचा वेग मॉडेलप्रमाणे सेकंदाला सुमारे १४ ते २९ जीबी. जीटीएक्स १६५० चा १२८ आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४ जीबी’ छापतात आणि गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. म्हणजे गोडाऊन मोठं, पण आत जायला बोळ. एनव्हिडियाने केपलर चिपच्या (जीटी ७३० मध्येही बहुधा तीच असते) कार्डांना नवे गेम ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच थांबवलं. तुमच्या आय५ च्या आतच जे इंटेलचं ग्राफिक्स आहे, त्याच्यापेक्षा याने काही फार उजेड पडणार नाही. दुसरा मॉनिटर जोडायला ठीक, बाकी पैसे पाण्यात. जीटी ७१० बद्दलही हेच समजा. जीटी १०३० घ्यायची कुणी गळ घातली तर डीडीआर४ की जीडीडीआर५ ते विचारा. नाव एकच, पण डीडीआर४ वाल्याचा मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश.

आरएक्स ५८० ची गोष्ट वेगळी. २०१७ चं असलं तरी कार्ड म्हणून दमदार, ८ जीबी, मेमरीचा वेग २५६. दुसऱ्या कुणाच्या मशीनला मी कदाचित हो म्हटलं असतं. तुमच्या डब्यात ते बसत नाही, आणि मुळातला मुद्दा इथेच आहे: कमी बजेटमध्ये कार्ड आपण नाही, आपला एसएमपीएस निवडतो.

हिशोब करा. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त लागलं तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते: ६ पिनांची ७५ वॅटची, ८ पिनांची १५० वॅटची. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट ओढतं. तुमचा आय५ ६५ वॅटचा, वर बोर्ड, डिस्क, पंखे. २४० वॅटच्या एसएमपीएसवर हे जमणार नाही, आणि त्यात ८ पिनांची वायरही नसते. मग दुकानदार म्हणतो, ‘काही टेन्शन नाही, कन्व्हर्टर लावून देतो’. हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या दोन वायरींमधून एक ८ पिनांचं कनेक्टर काढणारा कन्व्हर्टर. साटाचं कनेक्टर १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅटसाठी बनवलेलं असतं. त्यातून शंभर वॅट ओढले की आधी प्लास्टिकचा वास येतो, मग कनेक्टर पिवळट पडून वितळतं. असे वितळलेले तुकडे दुरुस्तीला बसणाऱ्या कुणाच्याही टेबलाच्या खणात सापडतील. कन्व्हर्टर हा शब्द ऐकला की दुकानातून उठायचं.

‘मग एसएमपीएसच बदलू की’, असं म्हणाल. ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमध्ये इथेच ग्यानबाची मेख आहे. त्यांच्या मदरबोर्डला नेहमीचं २४ पिनांचं कनेक्टर नसतं, कंपनीचं स्वतःचं असतं. बहुतेक मॉडेलना अ‍ॅडाप्टर मिळतात, पण एसएमपीएसचा आकारही त्या डब्यात बसायला हवा. चांगला ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस, अ‍ॅडाप्टर आणि न बसल्यास नवीन कॅबिनेट हा खर्च कार्डाच्याच पैशातून जाणार. आणि ‘५०० वॅट’ लिहिलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा लोकल एसएमपीएस लावायचा असेल, तर त्यापेक्षा डेलचा २४० चा चांगला. तो २४० म्हणतो तेव्हा २४० देतो.

आता आरएक्स ६४००. याला वेगळी वायर लागत नाही, ५३ वॅटमध्ये चालतं, लहान आकारातही मिळतं. कागदावर तुमच्याचसाठी बनवल्यासारखं. पण दोन गोष्टी आड येतात. पहिली, हे कार्ड स्लॉटच्या १६ पैकी फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. नव्या चौथ्या पिढीच्या पीसीआयई स्लॉटमध्ये ते चालून जातं. तुमचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा, म्हणजे वाट थेट अर्धी. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच, ती भरली की याच अर्ध्या वाटेने रॅमकडे पळावं लागतं आणि गेम झटके खायला लागतो. दुसरी गोष्ट तुमच्या धंद्याची आहे: या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही. तीन तासांचं लग्न एक्सपोर्ट करताना एच.२६४ किंवा एच.२६५ फाइल बनवण्याचं काम ते अंगावर घेत नाही, सगळा भार पुन्हा आय५ वर. त्याच्या थोरल्या भावाचं, आरएक्स ६५०० एक्सटीचंही तेच. गेमवाल्या पोरांच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण त्यांना लग्नं एक्सपोर्ट करायची नसतात.

इंटेल आर्क ए३८० सुद्धा डोळ्यांत भरेल. ६ जीबी, ७५ वॅट, एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकाराचं एन्कोडिंगसुद्धा. पण आर्क कार्डांना मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय लागते, आणि ती इंटेलच्या साधारण दहाव्या पिढीपासून पुढे मिळते. सहाव्या पिढीवर हे कार्ड निम्म्या जोमाने चालेल. नवीन मशीनवाल्यांनी जरूर बघावं, तुम्ही नको.

कार्डाचं नाव घेण्याआधी एक काम करा. त्याला पैसे लागत नाहीत. एडिटिंगची टाइमलाइन जिथे अडखळते तो भाग उघडा, बाजूला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या टॅबवर या, आणि टाइमलाइन प्ले करा. दहा-पंधरा सेकंद नुसतं बघा. सीपीयू शंभरावर चिकटलाय? मेमरी ७.५ जीबीच्या पुढे? डिस्क शंभर टक्के? डिस्क शंभर असेल तर तुम्ही अजून फिरत्या हार्डडिस्कवर एडिट करताय, तिथे लाखाचं कार्ड लावलं तरी फरक पडणार नाही. एसएसडी आधी. मेमरी भरत असेल तर ८ जीबीची आणखी एक पट्टी. एका पट्टीऐवजी दोन झाल्या की रॅमचा वेगही वाढतो. सहाव्या पिढीत डीडीआर३एल आणि डीडीआर४ अशी दोन्ही प्रकारची बोर्डं आली, त्यामुळे जुनी पट्टी काढून दुकानात न्या, तोंडी सांगू नका. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा सेकंडहँड पट्टी घ्यायला लाजू नका. रॅमला झीज नसते.

सीपीयू शंभरावर असेल तर पुढचा प्रश्न कॅमेऱ्याचा. सध्याचे बरेच मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये रेकॉर्ड करतात. रंग छान पकडले जातात, पण ती फाइल उलगडण्याचं काम एनव्हिडियाची जुनी कार्डं करूच शकत नाहीत. १६५० नाही, ३०५० नाही, ४० च्या मालिकेतलंही नाही. ती सोय ५० च्या मालिकेपासून आली. गंमत अशी की एच.२६५ मधलं ४:२:२ इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं आतलं ग्राफिक्स आरामात उलगडतं. तुमचं फुटेज त्या प्रकारचं असेल तर कार्डात पैसे घालण्याऐवजी हेच मशीन विकून, थोडी भर टाकून बाराव्या पिढीचा आय३ किंवा आय५ घेणं जास्त शहाणपणाचं. फक्त प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ नको, एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. आणि तेही नको असेल तर कॅमेऱ्यात ८ बिट ४:२:० निवडा. हळद आणि वरात पेनड्राइव्हवर १०८० पीमध्येच द्यायची आहे, नवरदेवाच्या काकांना तो फरक दिसत नाही. किंवा प्रॉक्सी बनवा: रात्री झोपताना सॉफ्टवेअरला लहान नकला बनवायला लावायच्या, एडिट त्यांच्यावर करायचं, एक्सपोर्ट मूळ फाइलमधून होतं. लग्नसराईत रोज दोन-दोन ऑर्डरी असतात तेव्हा अर्धे लोक हे करत नाहीत आणि मशीनला शिव्या देतात.

फुटेज ४:२:० चं आहे, एसएसडी आहे, रॅम १६ झालीय, तरी एक्सपोर्ट आणि इफेक्टला वेळ लागतो, असं असेल तर मग कार्ड घ्या. आणि तुमच्या डब्याला माझं उत्तर एकच: आरटीएक्स ३०५० ६ जीबी.

६ जीबी हे ठासून सांगतोय. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. २०२२ मध्ये आलेलं ८ जीबीचं, १३० वॅटचं, त्याला वायर लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं, ७० वॅटचं, जे बहुतेक कंपन्यांचं थेट स्लॉटवर चालतं. ६ जीबीवालं वेगाने चांगलंच मागे आहे, आणि एकाच नावाखाली दोन चिपा विकणं मला पटत नाही, पण २४० वॅटच्या डब्यात चालणारं नवं कार्ड म्हणून त्याच्या जोडीला सध्या फारसं कुणी नाही. एन्कोडर आहे, कूडा (कार्डाकडून हिशोब करून घेण्याचं एनव्हिडियाचं तंत्र) आहे म्हणून प्रीमियर किंवा रिझॉल्व्हमध्ये इफेक्ट पटपट उमटतात, आणि ६ जीबीमुळे आजचे गेम १०८० पीमध्ये मध्यम सेटिंगवर खेळता येतात. स्लॉटच्या ८ लेन वापरतं, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर अडत नाही. भाव तुमच्या ताणलेल्या आकड्याच्या आसपास, आठवड्याला हलतो. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारा, धुळ्याला आग्रा रोडला विचारा, ऑनलाइन बघा, आणि मग घासाघीस करा. काही मॉडेलना ६ पिनांची वायर दिलेली असते, म्हणून खोक्यावरचा फोटो नाही, प्रत्यक्ष कार्डाची वरची कड बघा. आणि एका पंख्याचं आखूड घ्या. ऑफिसच्या डब्यात हार्डडिस्कचा पिंजरा आड येतो. मोजपट्टी घेऊन स्लॉटच्या मागच्या कडेपासून पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून बोटभर वजा करा.

एवढ्या डब्याला याहून मोठं कार्ड कशाला नको, तेही सांगून टाकतो. चार कोर, चार थ्रेडचा आय५ पुढे माल पुरवू शकत नाही. ३०६० १२ जीबी उत्तम कार्ड आहे, पण १७० वॅटचं, आणि या प्रोसेसरमागे ते अर्धा वेळ जांभया देईल. धाकट्याला सांगा: ‘यामा गेम चाली ना?’ याचं उत्तर हो आहे, पण नव्या मोठ्या गेममध्ये प्रोसेसर आधी दमेल. व्हॅलोरंटसारखे गेम तर असेही हलके. विंडोज ११ ला तुमची सहावी पिढी अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही टांगती तलवार वेगळीच.

नवं परवडत नसेल तर जुनं जीटीएक्स १६५०. सेकंडहँड नव्या ३०५० च्या निम्म्याहून कमीत मिळतं. जीडीडीआर५ वालं शोधा, त्यातली बरीच मॉडेल वायरीशिवाय चालतात. जीडीडीआर६ वाल्यांना बहुधा ६ पिन असते. एन्कोडर आहे, एका पिढीने जुना, पेनड्राइव्हच्या कामाला पुरतो. १०५० टीआय थोडं आणखी स्वस्त दिसेल, घेऊ नका. त्या पिढीसाठी नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट. १६५० ला गेम ड्रायव्हर अजून मिळतात.

जुनं कार्ड घ्यायला गेलात तर ‘मायनिंगचं नाही ना?’ असं विचारण्यात अर्थ नाही, कुणीच हो म्हणत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाने कार्डांवरचं मायनिंग (रात्रंदिवस हिशोब करून चलन कमावणं) बंद केलं आणि गोण्या भरभरून कार्डं बाजारात आली. मायनिंग केलं म्हणून चिप मरत नाही, पंखे आणि मेमरीजवळचे पॅड मरतात. म्हणून हाताने बघा. पंख्याचं एक पातं बोटाने हलकेच वरखाली करा, खुळखुळ लागली तर बेअरिंग गेलं. कार्ड उजेडासमोर आडवं धरून बोर्ड आणि हीटसिंकच्या फटीत बघा: तेलकट, चिकट ओल दिसली तर थर्मल पॅडमधलं सिलिकॉन पाझरलंय, कार्ड खूप काळ तापलेलं आहे. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे म्हणजे कुणीतरी उघडलंय. आणि अगदी चकचकीत धुतलेलं, पण एचडीएमआयच्या तोंडाशी गंज, असं असेल तर पाण्याने धुतलंय. अशाला हातही लावू नका.

मग समोर मशीनवर लावून घ्या. जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर नेऊन ठेवा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं ते २०१८ पासून ओळखतं आणि नावाआधी ‘फेक’ लिहून दाखवतं. आरएक्स ५८० घेणाऱ्यांनी तिथेच शेडरचा (चिपमधल्या छोट्या हिशोबी गाभ्यांचा) आकडा बघावा. २३०४ हवा, २०४८ दिसला तर ते नावाचंच ५८०, आतून ५७०. त्यानंतर फरमार्क हे कार्डाला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा उठल्या तर मेमरी गेली, सौदा मोडा. चिपचं साधं तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) यांत २५ अंशांहून जास्त फरक असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट वाळलीय, तेवढे पैसे कमी करून मागा. विकणारा पंधरा मिनिटं थांबायला तयार नसेल तर आपणही नाही. बिल नसलेलं नवं कार्ड ‘१८ टक्के वाचतील’ म्हणून घेऊ नका, कंपनी वॉरंटीला बिल मागते. तुमच्या स्टुडिओला जीएसटी नंबर असेल तर ते १८ टक्के इनपुटमध्ये परत येतातच.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल दुकानदार बोलत नाहीत. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर स्वार असतं. खोली १५ अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच वर सरकतं. डिसेंबरात ६५ दाखवणारं कार्ड मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, पत्र्याच्या खोलीत ८० पार करतं आणि मग स्वतःच वेग उतरवतं. लग्नसराई नेमकी तेव्हाच. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने वीज ओढण्याची मर्यादा) ८० ते ८५ टक्क्यांवर आणा. वेग थोडासा उतरतो, उष्णता आणि पंख्याचा आवाज बऱ्यापैकी उतरतो. आणि कुलरचा झोत मशीनवर घेऊ नका! माणसाला गार लागतो, मशीनला ती ओली हवा असते. आपल्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार आणि उन्हाळी धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत एक राखाडी लिंपण बसतं, ते ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावं लागतं. मशीन कुलरच्या रेषेतून बाजूला, खिडकी उघडी. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग घालवतो.

लाइटचं थोडक्यात: मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येतं, हे तुम्हाला सांगायला नको. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, तुमच्या मशीनला आणि मॉनिटरला सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरेल. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या मशीनमध्ये नवं कार्ड बसवूच नका.

बसवताना जुना ड्रायव्हर काढून टाका, वायर काढलेली असताना कार्ड स्लॉटमध्ये ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा, मागचा स्क्रू आवळा. मग मॉनिटरची केबल कार्डावर लावा. ‘नवं कार्ड लावलं, काही फरक नाही’ म्हणून मशीन घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची केबल मदरबोर्डच्या जुन्या पोर्टलाच असते. आणि तुमचा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए केबलचा असेल तर ३०५० वर ते तोंडच नाही. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. कन्व्हर्टर म्हटलं तरी हा चालतो, यातून फक्त चित्र जातं.